तांब्याच्या खोलीचं दार

विद्यापीठातल्या आमच्या वायरलेस सर्किट्सच्या प्रयोगशाळेत एक तांब्याची खोली आहे. खोली आपली नावाला. एक टेबल आणि दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने श्वास बाहेरच घ्यावा. भिंती, छत, जमीन, सगळीकडे तांब्याचा पत्रा. दार इतकं जड की लावताना खांदा द्यावा लागतो. एकदा लागलं की बाहेरच्या जगातली एकही रेडिओलहर आत येत नाही. दाराशी एक ट्रे आहे. आपापले मोबाइल त्यात ठेवायचे, आपण बनवलेली चिप आत न्यायची, दार लावायचं आणि त्या निवांतपणात मोजमापं घ्यायची. आकडे देखणे येतात, पेपर छापून होतो, सगळे खूश. या रीतीत काही खोट आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ते ताईच्या मनात आलं आणि मग प्रयोगशाळेची शांतता गेली ती गेलीच.

ताई माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. बरीच वर्षं नोकरी करून मग पीएचडीला आलेली, आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. सोल्डरिंगचा हात हलका आणि जीभ जड. सर तिचे मार्गदर्शक, पण तिच्याशी बोलायचं असलं की आधी घसा खाकरायचे. मी पहिल्यापासून तिच्या बाजूचा होतो हे आत्ताच सांगून टाकतो. निःपक्षपातीपणा मला कधी जमला नाही आणि या बाबतीत तर जमवायचाही नव्हता.

ताईला तिच्या आत्याने वाढवलं. आत्याला ऐकू कमी येतं. तिच्या कानात यंत्र असतं, आणि बोलणाऱ्याच्या कॉलरला एक चिमुकला माइक लावला की त्याचा आवाज तारेवाचून थेट त्या यंत्रात येतो. येतो म्हणजे, यायला हवा. घरात चार पाहुणे जमले, दोघांचे फोन वाजले, की यंत्रात नुसती खरखर. मग आत्या यंत्र काढून पर्समध्ये टाकायची आणि सगळ्यांकडे बघून हसत बसायची. कोण काय म्हणालं, कशाला हसलं, काही पत्ता नाही, तरी हसायची. ते हसू ताईच्या डोक्यात जायचं. तिच्या संशोधनाचं मूळ त्या हसण्यात आहे, प्रबंधाच्या प्रस्तावनेत काहीही लिहिलेलं असो.

माइकचा संदेश झेलणारी तिची पहिली चिप तांब्याच्या खोलीत अप्रतिम चालली. बारीकातला बारीक संदेश ती टिपायची. सरांनी स्वतः चहा मागवला, यावरून काय ते समजा. ताईने ती चिप घरी नेऊन एका हेडफोनला जोडली आणि तो यंत्राऐवजी आत्याच्या कानांवर चढवला. शेजारीण गप्पा मारायला आली, तिचा फोन वाजला आणि चिपने मान टाकली. आत्या हेडफोन काढत म्हणाली, "छान केलीयस गं. मग आता मी तुमच्या त्या खोलीत जाऊन राहू का?"

दुसऱ्या दिवशी ताईने चिप सर्वांसमोर मोजली, तांब्याच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवून. देखणे आकडे गडगडले. "दार लाव," सर म्हणाले. तिने लावलं नाही.

चिप बनवायला बाहेर कारखान्यात पाठवावी लागते आणि ताईच्या वाट्याला एकच फेरी उरली होती. तिची पीएचडीची मुदतही संपत आलेली. ही चिप फसली किंवा परीक्षकांनी नाकारली, तर पदवी विसरायची आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. सरांचं म्हणणं सरळ होतं: पहिलीच चिप थोडी घासूनपुसून पाठव. ताईने मात्र सर्किट मुळापासून बदललं. शेजारी कुणाचा फोन कितीही ओरडो, आपल्या माणसाचं बोलणं न सोडणारं. त्याची किंमतही तिला ठाऊक होती. पूर्ण शांततेत ही नवी चिप पहिलीपेक्षा थोडी कमीच ऐकणार होती.

"तुलनेच्या तक्त्यात तू स्वतःच्याच जुन्या चिपच्या खाली जाशील," सर म्हणाले. "परीक्षक आधी तक्ता बघतात."

"मग त्यांना दार उघडून दाखवू."

"अगं, दार उघडं ठेवून मोजायची पद्धतच नाही कुठे! नापास केलं तर?"

"तर नापास. आत्याला मी तांब्याच्या खोलीत बसवणार नाही."

सरांनी घसा खाकरला आणि कागदावर सही केली. चिप गेली. परत आली तेव्हा तिने बंद खोलीतली मोजमापं आधी घेतली आणि कमी आलेले आकडे तक्त्यात ठळक अक्षरांत टाकले. मी म्हटलं, "ताई, निदान अक्षरं तरी बारीक ठेव." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट माझ्या टेबलावर गेलो.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध होते. आत्या मागच्या रांगेत, यंत्र पर्समध्ये, चेहऱ्यावर तेच हसू. परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "हे उलटं छापलंय का? नवीन चिप जुनीपेक्षा वाईट?"

"उलटं नाही सर. बंद खोलीत वाईटच आहे," ताई म्हणाली. "आता बाहेर चला."

तिने सगळ्यांना कॉरिडॉरमध्ये आणलं. परीक्षेआधी सगळ्यांनी ज्यात मोबाइल ठेवले होते तो ट्रे उचलून ज्याचे त्याला परत केले आणि एकमेकांना फोन लावायला सांगितलं. क्षणात नुसता गलका. आत्याला खुर्चीवर बसवून तिच्या कानांवर हेडफोन चढवला. माइक तिने परीक्षकांच्या कॉलरला लावला आणि त्यांना सरांबरोबर कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला धाडलं. आधी जुनी चिप जोडली. आत्याने तोंड वाकडं करून मान हलवली. मग नवी जोडली. परीक्षकांनी तिकडे प्रबंधातलं एक वाक्य वाचलं, आणि आत्याने ते इकडे जसंच्या तसं म्हणून दाखवलं, वर "जरा सावकाश वाचा" असंही सुनावलं. मी टाळी वाजवली. ताईने मात्र चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही, कारण निकाल अजून लागायचा होता.

परीक्षकांना वाटलं, प्रयोग संपला. ते सरांकडे झुकून काहीतरी पुटपुटले. आम्हाला फक्त ओठ हललेले दिसले. आत्याचं हसू मावळलं. ती खुर्चीतून ताडकन उठली.

"एवढ्यावर पदवी द्यायची का, असं कुजबुजून काय विचारता?" सगळ्या फोनच्या वर तिचा आवाज गेला. "द्यायची नसेल तर तसं मोठ्याने सांगा!"

परीक्षकांचा हात कॉलरवर गेला. माइक तिथेच होता. सगळा जन्म वायरलेसमध्ये घालवलेला माणूस, अंगावरचा माइक विसरला! मग त्यांनी मान खाली घातली आणि माइकमध्ये अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले?" ताईने आत्याच्या समोर येऊन विचारलं.

"द्यायची म्हणाले," आत्या म्हणाली. "आणि माफी मागितली."

ताईने डोळे पुसले आणि हेडफोन काढायला हात पुढे केला. आत्याने तो बाजूला सारला.

"राहू दे गं. माझ्या माघारी लोक काय बोलतात ते आज कुठे कळायला लागलंय."