देवो गच्छति

मी ज्या हायस्कुलात शिकले त्याचं नाव घेणार नाही. नाव घ्यावं इतकं त्यानं माझं भलं केलेलं नाही. आठवीत संस्कृतचा पहिला तास होता. सरांनी आमच्या वस्तीतल्या आम्हा तिघींना उभं केलं आणि म्हणाले, "तुम्ही हिंदीला बसा गं. हे उच्चार तुमच्या जिभेला वळायचे नाहीत." आमचं घर बौद्ध. रोज संध्याकाळी पालीतली वंदना म्हणून मगच आम्ही जेवायला बसायचो, आणि म्हणे जिभेला वळायचे नाहीत! पण तेव्हा मी तोंड उघडलं नाही. दप्तर उचललं आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसले. त्या माणसाचा राग कधीच विरला, मी मुकाट गेले त्याचा अजून येतो.

माझी धाकटी बहीण माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. मोठ्या दुष्काळात माय खडी फोडायच्या कामावर जायची आणि हिला बाभळीखाली झोळीत ठेवायची. तिथंच ताप भरला आणि उजवा पाय वाळला तो वाळलाच. गावातली शाळा सातवीपर्यंत, त्यापुढची जळकोटला, आणि एसटीची पायरी काही तिला चढता येत नव्हती. तोवर मी गावातच प्राथमिक शाळेवर लागले होते. म्हटलं, घरीच शिकवते हिला, सतरा नंबरचा फॉर्म भरू आणि बाहेरून मॅट्रिकला बसवू. वडील दूध सोसायटीत कॅन धुवायचे. तिथल्या सेक्रेटरींनी त्यांना शब्द दिला होता, "पोरगी मॅट्रिक होऊ द्या, कारकुनाच्या खुर्चीवर बसवतो." बसून करायचं काम! दुसरं कुठलं काम तिला जमणार होतं? त्या एका खुर्चीवर आमचं अख्खं घर डोळे लावून होतं.

बाकीचे विषय ठरलेले होते. प्रश्न एका भाषेचा होता, हिंदी, संस्कृत नाहीतर पाली. एका वैशाख पौर्णिमेला तुळजापूरहून आलेल्या भंतेजींनी तिला पालीचं पहिलं पुस्तक दिलं होतं. पातळसं, पिवळ्या कव्हराचं. पोरगी त्याच्यावर अशी खुळावली की जेवताना मांडीवर तेच.

"आक्का, पालीत दोघांसाठी येगळं रूप न्हाय बघ. एक, न्हायतर लई. किती बरं!" ती मला सांगायची. "आपून रोज वंदना म्हनतो, पन अर्थ कुनाला ठावं हाय? मला पालीच घेऊ दे."

"बघू," मी म्हणाले.

बघायचं काय होतं? माझं कधीच ठरलं होतं. सोलापूरहून मी संस्कृतचं पहिलं पुस्तक आणून ठेवलं होतं. पाली घेतली तर लोक म्हणणार, ह्यांची ती घरचीच, त्यात काय मोठं! संस्कृतात मार्क काढून दाखवायचे होते मला. फॉर्मवर तिची सही घेतली तेव्हा भाषेचा रकाना मी कोराच ठेवला आणि जळकोटला जाताना एसटीत बसून संस्कृत लिहिलं. पिवळं पुस्तक पुढच्या आठवड्यात तुळजापूरला जाणाऱ्या एकाच्या हाती भंतेजींकडे धाडून दिलं. हिला सांगितलं, "भंतेजींनीच परत मागितलं. दुसऱ्या कुणाला द्यायचंय म्हणे."

तिचे डोळे भरले. "मला इचारलं बी न्हाय?" एवढंच म्हणाली.

मग आमचं संस्कृत सुरू झालं. मला तरी कुठं येत होतं? सकाळी मी एक धडा पाठ करायची आणि शाळा सुटल्यावर तोच तिला शिकवायची, पण आव मात्र पंडिताचा! हातात शाळेतली फूटपट्टी. देवः, देवौ, देवाः. दोघांचं रूप ती हमखास विसरायची, की पट्टी बसायची. एकदा फळ्यावर "देव जातो" लिहून म्हटलं, कर संस्कृत. तिनं झटक्यात म्हटलं, "देवो गच्छति."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पुस्तक गेलं तरी पाली जाईना हिच्या तोंडातली! "देवः! देवः गच्छति!" असं म्हणत मी बोटांच्या पेरांवर पट्टी मारली, एक नाही, पाच-सहा. मायनं चुलीपासून हाक मारली, "अगं मरंल ती!" मी थांबले नाही. "म्हण शंभरदा," म्हणाले. तिनं शंभरदा म्हटलं, रडत रडत.

तीन आठवड्यांनी मी पुढचे धडे वाचत होते. त्यात संधीचा नियम आला. अ-नंतरच्या विसर्गापुढं ग आला की दोन्ही मिळून ओ होतो. देवः गच्छति, देवो गच्छति. खाली उदाहरणच तसं छापलेलं. म्हणजे पोरगी बरोबर होती. पालीत बरोबर होती आणि संस्कृतातही बरोबर होती. चुकले होते ती मी. तिच्या पेरांवरचे काळे डाग अजून गेले नव्हते. आणि मी काय केलं? तो धडा तिला शिकवताना पान उलटलं आणि म्हणाले, "हे परीक्षेला नाही."

पुढच्या वैशाखात भंतेजी पुन्हा गावात आले. त्यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "बाळ, पुस्तक परत का गं पाठवलंस? अवघड गेलं का?" मी तिथंच उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलं. मग हात जोडून म्हणाली, "व्हय भंतेजी, अवघड गेलं."

घरी येऊन ती संस्कृतचं पुस्तक उघडून बसली. मला वाटलं, सुटले. त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. रूपं धडाधडा म्हणायची, दोघांची सुद्धा. पट्टी मी कोनाड्यात ठेवून दिली आणि गावभर सांगत सुटले, आमची संस्कृतात पहिली येणार.

मार्चमध्ये वडिलांनी तिला सोसायटीच्या टेंपोत बसवून परीक्षेच्या गावी नेलं. जूनमध्ये निकाल आला. सगळ्या विषयांत पास, गणितात सुद्धा. संस्कृतात शून्य.

"पेपर हरवलाय बोर्डानं," मी ओरडले. "मी अर्ज करते, तपासायला लावते!"

"तपासायला काय हाय त्यात?" ती पाटावर बसून ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोरा दिला म्या."

"अगं पण का? सगळं येत होतं तुला!"

"त्यो पेपर तुजा हुता आक्का. तूच जाऊन बसायचं हुतं."

मला तिचे पाय धरायला हवे होते. संधीचं खरं सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते असं, "मग बस घरातच, लंगडे!" हा शब्द आमच्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. मायनं तोंडावर पदर घेतला. बहीण फक्त "बरं" म्हणाली आणि सुपातली ज्वारी पाखडू लागली.

दिवाळीच्या आत सेक्रेटरींनी खुर्ची दुसऱ्याला दिली. पुढच्या वर्षी मी पुन्हा फॉर्म आणला, भाषेच्या रकान्यात पाली लिहून तिच्यापुढं ठेवला आणि पेन उघडून दिलं. तिनं पेनाचं टोपण लावलं आणि सही केली नाही.