मूठ, पंजा आणि जमादारकाका

माझ्या भाच्याचं लग्न ठरत असताना मुलीकडच्यांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, ओणवं आणि एक हात मागे नेलेल्या अवस्थेत.

निखिल हा माझ्या बहिणीचा, सुनंदाताईचा, एकुलता एक मुलगा. व्यावसायिक टेनिस खेळतो, आणि त्यातही दुहेरी. वर्षभर देशोदेशी फिरतो व बहुतेक ठिकाणी पहिल्या फेरीत हरतो. आम्ही रोहण्याला मुलगी पाहायला गेलो, त्या दिवशीही तो कुठेतरी हरतच होता. म्हणून ते लोक नालवाडीला ताईचं घर पाहायला यायचे होते तो दिवस आम्ही त्याच्या हरण्याच्या हिशेबाने ठरवला. मंगळवारी पराभव, गुरुवारी घरी, शनिवारी पोहे. या स्थळाचा मध्यस्थ मी. आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत बातम्या तपासण्यात गेलं असल्याने माझ्या अंदाजावर कोणी शंका घेतली नाही.

त्या आठवड्यात निखिल जिंकत सुटला. शनिवारी तो चेन्नईला अंतिम सामना खेळणार होता, आणि पाहुणे रोहण्याहून निघाले होते.

"आता पोरगा म्हणून कोणाले दाखवू? तुले?" ताई म्हणाली.

"टीव्हीवर दाखवू. सामन्याचं थेट प्रक्षेपण आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पोह्यांत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

पाहुणे आले. मुलगी प्राची, आर्वीच्या शाळेत गणित शिकवणारी. तिचे वडील कमी बोलतात. बोलायचं काम त्यांच्या मोठ्या भावाकडे, म्हणजे जमादारकाकांकडे. काका पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं सट्टेवाले पकडण्यात गेली. (ही माहिती मला आधीपासून होती. मी तिचा काहीही उपयोग केला नाही.)

टीव्ही लावला. कॅमेरा मैदानाच्या मागे होता. निखिलचा साथीदार, एक उंच परदेशी मुलगा, सर्व्हिस करायच्या तयारीत. निखिल त्याच्यापुढे जाळीजवळ ओणवा, आमच्याकडे पाठ करून. त्याने डावा हात पाठीमागे नेला आणि मूठ दाखवली. पुढच्या वेळी पंजा दाखवला.

काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "हे काय होय?"

"इशारा आहे," मी म्हणालो. 'खूण' हा शब्द उपलब्ध होता. मी 'इशारा' निवडला.

"कोणाले?"

"साथीदाराला. पुढे काय करायचं ते दोघं आधी ठरवतात. समोरच्यांना कळू नये म्हणून हात पाठीमागे."

"म्हणजे आधीच ठरते. अन् लपवून ठरते."

"फक्त पुढच्या चेंडूचं."

"एकेका बॉलचंच राह्यते ते, मामा. मी लय पकडले असे."

तेवढ्यात निखिल आणि तो परदेशी मुलगा जवळ आले, आणि तोंडापुढे चेंडू धरून कुजबुजले.

"तोंड झाकून बोलून राह्यले," काकांनी मुलीच्या वडिलांना समजावून सांगितलं.

मग बाजू बदलल्या. निखिल पलीकडे गेला आणि त्याचा चेहरा एकदाचा दिसला. ताई पुढे सरसावली. "पाहा, नाक आमच्या बाबांचं आहे."

"हात कुठं आहे?" काकांनी विचारलं.

हात पाठीमागेच होता. फक्त आता तो आम्हाला दिसत नव्हता.

"कॅमेरा पाहून लपवला," काका म्हणाले.

स्पर्धा अधिकृत आहे, जगभर तिची नोंद होते, हे पुराव्यानिशी दाखवणं मला आवश्यक वाटलं. फोनवर गुणफलक उघडून मी तो काकांसमोर धरला. गुणफलकाच्या वर एक जाहिरात झळकत होती: याच सामन्यावर पैसे लावा, पहिला डाव मोफत. खाली निखिलचं नाव होतं. (स्पेलिंग बरोबर होतं. तेवढं मी सवयीने तपासलं.)

काकांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला आणि भावाला म्हणाले, "ऊठ."

"तुले कोणी सांगितलं होतं दाखवाले?" ताई हळूच म्हणाली.

"पारदर्शकता..."

"पेपरातलं बोलू नको. चूप बस."

पाहुणे चपला शोधू लागले. एकटी प्राची बसून होती.

"काका, बसा न. मॅच संपू द्या. मूठ दाखवली तर हा जागेवर राह्यते, पंजा दाखवला तर तिकडच्या बाजूले पळते. अन् तो मागचा याच्या जागेवर येते. सोपं आहे."

"तुले कसं समजलं?"

"पाहून. मामा मधात बोलून राह्यले होते, म्हणून वेळ लागला."

काका बसले, पण खुर्चीच्या टोकावर. सामना अगदी शेवटच्या गुणांवर आला होता. निखिल पुन्हा आमच्याकडे पाठ करून ओणवा झाला आणि त्याने पंजा दाखवला. स्वच्छ, पाचही बोटं. सर्व्हिस झाली. परदेशी मुलगा ठरल्याप्रमाणे निखिलच्या जागेकडे धावला. निखिल हलला नाही. दोघे एकाच कोपऱ्यात भेटले, आणि उरलेल्या मोकळ्या मैदानात समोरच्याने चेंडू निवांत टाकला. सामना संपला.

"आता बोला," काका म्हणाले.

बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मी बोललो. "इतकी वाईट चूक मुद्दाम करणं फार अवघड असतं."

"म्हणूनच पैसे जास्त भेटते."

ताईने डोळ्याला पदर लावला. एवढ्यात तिच्या फोनवर निखिलचा व्हिडिओ कॉल आला. तिने काही बोलायच्या आत काकांनी फोन हातात घेतला.

"मी प्राचीचा काका. शेवटी पंजा दाखवला न तुम्ही?"

"हो जी."

"मग पळाले काऊन नाई?"

निखिलने घाम पुसला. मान खाली घातली. "मले वाटलं, मूठ दाखवली."

"हात कोणाचा होता?"

"माझाच."

काकांनी फोन ताईला परत दिला. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता ते खुर्चीत मागे रेलले. "अरे, याच्या भरोशावर कोणता सट्टेवाला पैसे लावीन? पोरगा सरळ आहे. लय सरळ आहे." मुलीच्या वडिलांनी दिवसभरातला पहिला सुटकेचा निःश्वास सोडला.

ताईने भीतभीत प्राचीला विचारलं, "तुले काय वाटते, बेटा?"

"मले मुलगा पसंत आहे," प्राची म्हणाली. "फक्त मध्यस्थ बदला."

पहिल्या मुद्द्यावर दोन्हीकडून थोडी चर्चा झाली. दुसरा तिथल्या तिथे एकमताने मंजूर झाला, आणि त्याला अनुमोदन माझ्या सख्ख्या बहिणीने दिलं.