बंद खिडक्यांचं गाव

पॅरिसमध्ये आठवडाभर आम्हा नवराबायकोकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, पण भूक लागली की कोपऱ्यावर काहीतरी उघडं सापडायचंच. त्याच भरवशावर रविवारी दुपारी एका खेड्यात बसमधून उतरलो. तिथे बेकरी बंद, हॉटेल बंद, घरांच्या लाकडी खिडक्यासुद्धा बंद. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

चर्चच्या पायरीवर हे एकदम खालीच बसले. ह्यांना मधुमेह आहे. कपाळ घामाने डबडबलं होतं, बोलणं अडखळत होतं. "गोड... काहीतरी गोड दे." माझ्या पिशवीत फक्त पाणी होतं.

मी समोरचं दार बडवलं. एका म्हातारीने ते जेमतेम वीतभर उघडलं. "शुगर! माय हजबंड!" मी ओरडले.  ती हळूच म्हणाली, "बोंजूर, मादाम."

मला संतापच आला. इथे जीव चाललाय आणि हिला नमस्कार हवाय! तरी कसंबसं "बोंजूर" म्हटलं आणि पायरीकडे बोट दाखवलं. तिने दार सताड उघडलं, आतून मुरंब्याची बरणी आणली आणि गुडघे टेकून ह्यांना चमच्याने भरवू लागली.

शहरात ओळखदेख नसली तरी काम होतं. इथे आधी समोरच्याला माणूस म्हणून हाक द्यावी लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांना हुशारी आल्यावर मी तिचे हात धरले. ते थंडगार पडले होते. दार बडवणाऱ्या परक्या बाईला तीही घाबरली होती.