पुस्तकातून निघून गेलेली काकू

कळंबला मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बांगड्यांची दुकानं संपली की आमची गल्ली लागते. फार वर्षांपूर्वी इथल्या एका माडीवर एक मास्तर भाड्याने राहायचे. बदली होऊन ते नागपूरला गेले आणि तिथे त्यांनी आमच्या गल्लीवर कादंबरी लिहिली. ते वारल्यावर ती अभ्यासक्रमाला लागली. तेव्हापासून अधूनमधून कॉलेजची पोरं गल्ली बघायला येतात. माडीचे फोटो काढतात, पुस्तकातला हातपंप शोधतात. तो केव्हाच उखडलाय.

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे गल्ली दाखवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. गेल्या हिवाळ्यात असाच एक घोळका पिठाच्या गिरणीपुढे थांबला.

"हीच ती गिरणी," एक मुलगी म्हणाली. "इथूनच ती पहाटेच्या एसटीने निघून जाते."

गिरणीवाली काकू आतून भुवयांवरचं पीठ पुसत बाहेर आली. "कोन निघून गेली?"

"गिरणीवाली."

"गिरणीवाली तं मीच आहो."

पोरं हसली आणि मग एकमेकांकडे बघायला लागली.

खरं म्हणजे गेला होता तो काकूचा नवरा. वणीकडे कोळशाच्या खाणीवर कामाला म्हणून गेला, तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. काकूने गिरणी चालवली, मुलीचं लग्न लावलं. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, मास्तरांनाही. त्यांनी ते उलटं लिहिलं. मी ही गोष्ट काकूला कधी सांगितली नव्हती. तिला लिहितावाचता येत नाही आणि विषयही कधी निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेल्यावर काकू आमच्याकडे आली. "वाच. काय लिवलं मास्तरनं, आयकू दे."

मग लाइट गेली की ती यायची. तूर निवडत ऐकायची. मध्येच म्हणायची, "मी कायले शिव्या देऊ लोकाइले?" ती निघून जाते ते पान आलं तेव्हा मी जरा चाचरतच वाचलं. हिरवं लुगडं नेसून बाई गिरणी बंद करते, किल्ली उंबऱ्यावर ठेवते आणि गाडीत बसते. काकूचे हात सुपावर थांबले.

"पुन्हा वाच."

मी वाचलं.

"पुढं?"

"पुढं तिचं काही नाही. उरलेलं पुस्तक नवऱ्यावर आहे."

"म्हंजे मी कोठी गेली, जेवली का नाही, काहीच नाही?"

"नाही, काकू."

"मास्तर दळन घेऊन येतच होता. मले इचारलं असतं तं सांगतलं असतं."

"कुठे गेला असतात?"

तिने विचार करायला वेळ घेतला नाही. "झरीकडं. आत्याच्या गावाले. लहानपनी ऱ्हायली होती मी तिथं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला घेऊन गेले. आत्या केव्हाच गेलेली. आतेभावाने तिला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर मात्र बाज टाकली आणि चहा ठेवायला लावला. गावाला जंगल लागूनच होतं, आणि काकू वाटेत ज्याचं सांगत होती ते मोहाचं झाडही होतं. ते तिला वाटलं होतं तेवढं मोठं नव्हतं. ती राहिली, मी संध्याकाळच्या गाडीने परतले.

इकडे गल्लीतल्या बाया दळणासाठी दोन रस्ते ओलांडून जायच्या आणि माझ्यावर करवादायच्या. आठवड्याभराने काकू आली, गिरणी सुरू झाली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"बरं वाटलं. लोकं जीव लावत होते. पन दिवसभर बसून बसून कट्टाळा आला."

उरलेली कादंबरी वाचू का, असं मी एकदा विचारलं.

"नवऱ्याचंच आहे ना ते? राहू दे," ती म्हणाली, आणि शेजारणीचा गव्हाचा डबा उचलून आत गेली.