सुरवंटाच्या मागे आत्या

आत्याचा एकही फोटो घरात नव्हता आणि मला तो हवा होता. मला लहानाचं मोठं तिनेच केलं. पण तिचं एक ठाम होतं, एकट्याचा फोटो भिंतीवर लागतो तो मेल्यावर. "मले आत्ताच टांगतं का बे?" असं म्हणून ती उठून जायची. जोडीला कुणी बसावं तर घरात आम्ही दोघंच, आणि फोटो काढणारा मीच.

मी तेव्हा बुलढाण्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. सुट्टीत कॉलेजचा कॅमेरा घेऊन बीबी गावाजवळच्या आमच्या शेतात किडे टिपत बसायचो. एकदा बांधावरच्या एरंडावर झकास केसाळ सुरवंट सापडला. लेन्समागं नळ्या जोडल्या, तिपाई रोवली आणि आत्यापुढं पांडित्य पाजळलं: नळीशिवाय एवढा जीव मोठा येत नाही, आणि नळी लावली की तांदळाच्या दाण्याएवढ्याच जाडीतलं स्पष्ट दिसतं, त्याच्या पुढचं-मागचं सगळं धुकट.

"म्हंजे तोंड दिसलं त शेपूट गायब? इतकी मोठी मशीन अन् एक अळी मावत नाही?"

"लेन्सचं भोक बारीक केलं की थोडं जास्त मावतं. पण मग उजेड कमी, वेळ जास्त. पान हललं की संपलं."

ती विचारात पडली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून एरंडापलीकडं जाऊन उभी राहिली.

"याच्यासंगं काढ. आता एकटी नाही मी."

माझ्या अंगात आनंद मावेना. गुपचूप नळ्या काढून थेट तिच्यावरच फोकस लावावा म्हणून हात घातला, तर आवाज आला, "नळी काऊन काढून राह्यला? नळीबिगर सुरवंट येत नाही म्हनत होता ना!"

स्वतःच्या व्याख्यानात असा फसलेला मास्तर जिल्ह्यात दुसरा नसेल. मी नळी परत लावली, भोक होईल तितकं बारीक केलं आणि बटण दाबलं. आत्यानं श्वास रोखून धरला होता. पान हलू नये म्हणून म्हणे. ती चार हात लांब उभी होती.

फोटोत सुरवंटाचा केस न् केस मोजून घ्यावा. आत्या म्हणजे मागचा एक राखाडी डाग.

"हाव, पदर ओयखू येते," ती खुशीत म्हणाली. मला रडू यायचंच बाकी होतं. दुसरा काढू म्हटलं, तर तिनं हा फ्रेम करून भिंतीवर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिली.

आत्याच्या तेराव्याला तोच फोटो हार घालून पाटावर ठेवला. दुसरा होताच कुठं? शेजारची काकू गंधाचं बोट घेऊन घुटमळली, कपाळ सापडेना, म्हणून तिनं सुरवंटालाच गंध लावलं. मागचे सगळे रांगेनं त्याच्या पाया पडले. मला हसू फुटलं आणि हसता हसता हुंदकाही. शेवटी मी उठलो आणि राखाडी डागात जिथं कपाळ असावं तिथं गंध लावलं.

सुरवंटाचं पुसायला गेलेल्या काकूला मी थांबवलं. तिला एकटीला टांगायचं नव्हतं.