बोट एका ओळीवर, आवाज दुसरीवर

अक्का पुस्तक वाचायला बसली की तिचं बोट एका ओळीवर असे आणि आवाज दुसरीवर. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पनवेलच्या मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत ती अशीच गेली. कविता चालीवर म्हणून घेत; एकदा कानावरून गेली की तिला कायमची पाठ. पुढे इतिहास-भूगोल आले, त्यांना चाल नव्हती. ढ, आळशी, हट्टी असं सगळं म्हणून झाल्यावर वडिलांनी शाळा सोडवली. ती म्हणायची, "अक्षरं दिसतात गं. ती काय म्हणतात ते मला वेळेवर ऐकू येत नाही."

तरी कान तिखट होता. तळ्याकाठच्या देवळातल्या पेटीचा एक सूर उतरलाय, हे ती बाहेर चपला काढतानाच सांगे. घरात मात्र दोघं एकदम बोलले की गोंधळून जाई. "मी बहिरी नाही, एकेकाने बोला," म्हणे. आमच्या घरात एकेकाने बोलायला सवड कुणाला होती?

काका देवळात तबल्यावर बसत. ते तिला सांगत, "पोरी, सूर पक्का आहे तुझा, पण सम समोर दिसली की तू गल्ली बदलतेस." आरतीला ती टाळ्या वाजवत नसे. निरांजनाचं तबक आधीच हातात घेऊन उभी राही, म्हणजे कुणी टाळी वाजव म्हणणार नाही.

या प्रकाराला आता डिस्लेक्सिया म्हणतात. वाचता येत नाही त्याला देव गळा देतो, असंही लोक बोलतात. मला नाही तसं वाटत. अक्काला दिलं तेही अर्धंच दिलं होतं.

रामनवमीच्या उत्सवात ती एकटी, तबल्याशिवाय गायली. ते ऐकून पेणच्या एका कारकुनाने स्वतःहून मागणी घातली. अक्कालाही तो पसंत होता. रात्री अंथरुणात तिने मला तसं सांगितलं होतं. बघायला आले की मुलीला गायला लावत आणि चार अक्षरं लिहून मागत. म्हणून आईने तिच्याकडून नाव आणि पत्ता रांगोळी गिरवावी तसा गिरवून घेतला. महिनाभर तेवढंच चाललं होतं.

मंडळी आली. अक्का गायली, मग नाव-पत्ता लिहिला. मुलाचे मामा खूश झाले. म्हणाले, "अक्षर छान आहे हो. आता म्हटलंत त्यातल्या दोन ओळी लिहा, घरी बायकांना दाखवतो."

त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. आई पुढे झाली, पोहे आणखी घ्या म्हणाली. अक्काने पेन्सिल खाली ठेवली.

"मला लिहिता येत नाही. हे गिरवून घेतलंय. गाणं येतं, तेही तबला नसेल तर."

मामांना ही थट्टाच वाटली. एवढं कडव्यामागून कडवं पाठ आणि दोन ओळी लिहिता येत नाहीत, हे कसं? मुलाने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी नकार आला. वडील म्हणाले, तोंड मिटून बसली असती तर निभावलं असतं. पुढे उरणच्या एका बिजवराशी तिचं लग्न लावून दिलं. त्याने काही लिहून मागितलं नाही. त्याला पोरं सांभाळायला माणूस हवं होतं.

काही वर्षांनी मला बघायला यायचे होते, तेव्हा अक्का मदतीला उरणहून आली. माझी वेणी घालताना म्हणाली, "येत नसेल ते आधीच सांगून टाक. लपवलेलं सांभाळत बसायला फार दमायला होतं."

गळा मला मुळीच नाही. मंडळींनी गायला सांगितलं तेव्हा मी तसं सांगून टाकलं. सगळे हसले. सासरे म्हणाले, गाण्याचं काय एवढं, मुलगी शिकलेली आहे ना? लग्न तिथेच ठरलं. अक्का आत चहा गाळत होती.