उपाशी वजन

"इसका दूध तो बह रहा है. फिर इसे पोषाहार किसलिए?"

अध्यक्षीणबाईंनी पेन्सिलीचं टोक माझ्या ब्लाउजवरच्या ओल्या डागाला लावलं आणि सगळ्यांना दाखवलं. खुर्च्यांवरच्या बायका हसल्या. रांगेतल्याही दोघीतिघी हसल्या. त्यांनाही दलियाची पाकिटं घ्यायची होती. माझ्या कडेवर चार महिन्यांची पोर भुकेनं किंचाळत होती आणि मी पदर ओढून घेत होते.

भोपाळमधली सरकारी कारखान्याची टाउनशिप. आत क्वार्टर, क्लब, गुलाबाच्या कुंड्या. भिंतीबाहेर आमची झुग्गी. नवरा कारखान्यात ठेक्यावर, मी आतल्या दोन घरची भांडी घासायची. वस्तीची अंगणवाडी टाउनशिपच्या एका रिकाम्या गॅरेजमध्ये भरायची. जागा त्यांची, म्हणून वजनाच्या दिवशी इंजिनिअरांच्या बायकांचं महिला मंडळ तिथं खुर्च्या टाकून बसायचं. यादीत कोण राहणार ते अध्यक्षीणबाई ठरवायच्या. अंगणवाडीची दीदी मान हलवायची. जागा गेली असती तर ती बिचारी मुलं घेऊन कुठं बसणार होती?

बाई पुण्याच्या. माझं मराठी ऐकून पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "अगं, तू आपल्यातली का?" मग आडनाव विचारलं. त्यानंतर माझ्याशी कायम हिंदीत.

सरकारी भाषेत मी धात्री माता. अंगावर पाजणारी बाई. पाजणारीला भूक फार लागते, तिनं खाल्लं तर बाळाला दूध मिळतं, म्हणून सरकार दलिया देतं. साधी गोष्ट. पण बाईंच्या डोक्यात एकच बसलेलं. पोर रोडकं तर आई गरजू. पोर भरलेलं तर आई लबाड. आमच्या गल्लीतल्या एकीचं बाळ गुटगुटीत निघालं, तर "मेमसाब के घर से डिब्बे का दूध चुराती है" म्हणून तिचं नाव कापलं. तेव्हापासून दीदीच कानाशी येऊन सांगायची, "मंगल को सुबह मत पिलाना. वजन कम आएगा तो नाम टिकेगा."

आम्ही ऐकायचो. वजनाच्या मंगळवारी वस्तीत घराघरातून पोरं रडायची आणि आया उंबऱ्याबाहेर येऊन बसायच्या. मीही बसले. दोन महिने. छाती दगडासारखी व्हायची, पोर तोंड उघडून मला शोधायची, आणि मी तिला सासूकडे द्यायची. दलियासाठी. या गोष्टीची लाज मला अजून वाटते. ती मला कुणी दिली नाही, माझी मीच घेतली.

तिसऱ्या वेळी ती पेन्सिल लागली.

"झोली में डालो इसको," बाई म्हणाल्या. काट्याला कापडी झोळी टांगलेली होती. पोरीचा आवाज बसला होता. तिनं माझं बोट धरून तोंडात घातलं आणि चोखायला लागली. बोटाला भांड्यांच्या राखेचा वास. तरी चोखत होती.

मी रांगेतून निघाले, काट्याखालीच फतकल मारून बसले आणि ब्लाउजची बटणं काढली.

"ये क्या कर रही है? यहाँ?"

"पाजतेय," मी मराठीत म्हटलं. "आधी पाजीन. मग वजन करा."

"नाम कट जाएगा."

"कापा."

पोरीचे घोट ऐकू येत होते. एक बाजू झाली, दुसरी झाली. तिचं पोट भरेपर्यंत मी उठले नाही. मग मीच तिला झोळीत ठेवलं. बाईंनी आकडा न बघता माझ्या नावावर रेघ ओढली.

नवरा चिडला. "आता तुझा ताठा शिजवून खा," म्हणाला. चुकीचं नव्हतं. महिनाभर मी चहात पोळी बुडवून खाल्ली. दूध कमी होत चाललं, ते मला कळत होतं. पोर पिऊन झाल्यावरही रडायची. बाईंचा राग यायचा, त्याहून जास्त रांगेत हसलेल्या त्या बायकांचा. आणि कधी मीही त्यांच्यासारखीच रांगेत हसले होते, त्याचा.

गॅरेजच्या दारामागे सरकारी कागद चिकटवलेला होता. मी सातवी शिकले आहे. पाजणाऱ्या प्रत्येक आईला सहा महिने, असं लिहिलं होतं. बाळाच्या वजनाचा त्यात शब्द नव्हता.

पुढच्या वजनाच्या दिवशी मी पोरीला पोटभर पाजून नेलं आणि रांगेत पहिली उभी राहिले.

"तेरा नाम नहीं है," दीदी खाली बघत म्हणाली.

"मग लिहा. कागद दाराला आहे, वाचून दाखवू?"

बाई म्हणाल्या, "हटाओ इसको." कुणी हटवलं नाही, कुणी लिहिलंही नाही. माझ्यामागे एकीचं तान्हं रडत होतं. "पाज त्याला," मी म्हटलं. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

मी तिथंच उभी राहिले. दलिया माझं जेवण आहे, ते मी घेतल्याशिवाय जाणार नाही. आज नाही मिळालं तर उद्या येईन, उद्या नाही तर परवा. पण माझी लेक यापुढे कुणाच्याही यादीसाठी उपाशी राहणार नाही.